निळ्या अक्षरांची खरखर

नवरात्र उठलं की आमच्या भागात शिड्या बाहेर येतात. दादरहून परळ, परळहून लालबाग, जाल तिकडे कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या अंगावर एखादा माणूस चढलेला असतो आणि खालून दुसरा त्याला माळ अजून डावीकडे घ्यायला सांगत असतो. दुपारच्या उन्हात त्या दिव्यांच्या माळा सुकलेल्या वेलींसारख्या लोंबतात. संध्याकाळ झाली की लुकलुकायला लागतात, धावायला लागतात, जांभळ्याच्या हिरव्या होतात. खाली उभी राहून माणसं फोटो काढतात आणि शेजारच्या इमारतीपेक्षा आपली जास्त उजळली म्हणून समाधान पावतात. ह्या समाधानाकडे बघण्याची माझी नजर चांगली नाही, हे मला ठाऊक आहे. ती सुधारावी असं मला वाटतही नाही.

ह्या दिवसांत माझ्या खिशात एक छोटा ट्रान्झिस्टर असतो. अशा एखाद्या इमारतीखालून जाताना मी तो मिडियम वेव्हवर चालू करतो. निवेदक बोलत असतो, बोलता बोलता त्याच्या आवाजात वाळू पडते, मग खडी पडते आणि मग नुसती खडीच उरते. इमारत मागे पडली की माणूस पुन्हा बोलायला लागतो. कुठल्या सोसायटीने स्वस्तातला माल लावला आहे, हे मी डोळे मिटून सांगू शकतो. बायको म्हणते, दिवाळीत लोक कंदील बघत फिरतात आणि आमच्याकडे खरखर ऐकत फिरतात.

ही खोड मला लागली ती काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका अश्विनात, माझ्या आत्यामुळे.

आत्या लालबागची. कोकणातून लग्न होऊन आली, गिरणीत वायंडिंग खात्यात लागली, गिरणी बंद पडली तेव्हा घरी बसली, नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, आणि शेवटी साखरेने डोळे नेले. हे सगळं ती एका दमात सांगते आणि लगेच विचारते, चहा घेशील ना. चाळ पाडली तेव्हा तिच्या जागेवर दोन इमारती उभ्या राहिल्या. पुढे रस्त्याला लागून विकायचा टॉवर, काचेचा, मान मोडेल इतका उंच. मागे, त्याच्या सावलीत, चाळकऱ्यांची इमारत. चिठ्ठीत आत्याला अगदी वरचा मजला आला. वारा छान येतो म्हणाली. तिथून समुद्राची एक चीर दिसते, असं मी तिला सांगितलं होतं. मग पाहुण्यांना ती हात करून दाखवायची, तो बघा समुद्र, आणि हात बरोबर तिकडेच असायचा.

डोळे गेल्यावर घरातल्या वस्तूंनी तिची साथ एकेक करून सोडली. टीव्ही निरुपयोगी झाला. फोन म्हणजे नुसती गुळगुळीत काच, कुठे बोट ठेवावं कळेना. राहिला तो रेडिओ. काळा, चौकोनी, दोन चाकांचा. एक चाक आवाजाचं, एक स्टेशनचं, आणि स्टेशनच्या चाकावर तिने जुन्या साडीचा दोरा चिकटवून खूण केलेली. दोरा वर आला की मुंबई. पहाटे भक्तिगीतं लागली की उठायचं, सकाळच्या बातम्यांना गोळी, दुपारी थोडा डोळा, संध्याकाळच्या बातम्यांना दिवा लावायचा. तो दिवा तिच्यासाठी नव्हताच, तरी ती लावायची. मग भावगीतं, मग एखादी श्रुतिका, मग जेवण आणि रात्रीची गोळी. दिवस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे तिला रेडिओ सांगायचा. बातम्या देणाऱ्यांना ती आवाजावरून ओळखायची, आणि आज बाईंना सर्दी झालीय, असं काळजीने सांगायची.

त्या अश्विनात हे सगळं बुडालं. दिवसा रेडिओ नीट चालायचा. दिवस मावळला की एकदम एक करकर सुरू व्हायची, जाड, एकसुरी, तव्यावर उलथणं खरवडल्यासारखी. तिच्या पोटात कुठेतरी बातम्या चाललेल्या असायच्या, पण हाती लागायच्या नाहीत. आत्याने रेडिओ खिडकीत ठेवून पाहिला, कपाटावर ठेवून पाहिला, त्याला पदराने पुसलं. मग मला फोन करायला शेजारच्या म्हात्रेवहिनींना सांगितलं. मी नवे सेल घातले, मग नवा रेडिओच आणला. नव्या रेडिओने तीच करकर जास्त स्पष्ट ऐकवली.

चाळीत खरखर नव्हती असं नाही. पण तेव्हाच्या खरखरीला नाव-गाव असे. मधल्या जिन्याजवळच्या कुळकर्ण्यांनी मिक्सर लावला की अख्ख्या मजल्याचे रेडिओ गुरगुरत. खालच्या पिठाच्या गिरणीची मोटर सुरू झाली की एक विशिष्ट घरघर येई. आत्या कठड्यावरून वाकून नुसतं विचारी, बातम्या चालल्यात, जरा थांबतास काय, आणि मिक्सर थांबे. चटणी थोडी उशिरा वाटली जाई. कुणाला त्यात आपला अपमान झाला असं वाटत नसे. आपल्या घरातल्या मोटरचा दुसऱ्याच्या घरात आवाज होतो, हे तेव्हा चौथी शिकलेल्या माणसाला समजत होतं. आता इंजिनियर झालेल्या पोरांना समजावून सांगावं लागतं, आणि ती मधेच फोन बघतात.

सगळ्यांकडे उपाय मात्र तयार होते. रेडिओ ऐकतं कोण हल्ली, हा पहिला. हा उपाय नसून निकाल आहे, हे सांगणाऱ्याच्या लक्षात येत नाही. दुसरा उपाय अ‍ॅपचा. त्यासाठी ती गुळगुळीत काच पुन्हा हातात घ्यायची आणि रोज कुणालातरी हाक मारायची. तिसरा उपाय माझ्या भाच्याने आणून दिला. बोलकं यंत्र, फराळाच्या डब्याएवढं. त्याला नावाने हाक मारली की ते जागं होतं आणि सांगाल ते लावतं, असं त्याने कौतुकाने दाखवलं. आत्याने मालवणीत बातम्या लाव म्हणून सांगितलं. यंत्र हिंदीत म्हणालं की त्याला समजलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, ह्या खेपेला शाळेत बोलल्यासारखं शुद्ध मराठीत. त्याने कुठलंतरी नाचाचं गाणं लावलं. ते बंद कसं करायचं ते तिला कळेना, आणि शेवटी मी वायर उपटली.

"माझ्याच घरात मी ह्येका हाक मारून इचारूचा," आत्या म्हणाली, "आणि ह्येना माका समाजला नाय म्हणान सांगूचा."

ती चिडली नव्हती. लाजल्यासारखी झाली होती, आणि मला त्या यंत्राचा, ते बनवणाऱ्यांचा आणि ते आणून देऊन कर्तव्य उरकणाऱ्यांचा संताप आला तो तिच्या त्या लाजण्यामुळे.

दसऱ्यानंतर चार-दोन दिवसांनी म्हात्रेवहिनींचा फोन आला. आत्याने आदल्या संध्याकाळी करकर ऐकून रेडिओ बंद केला होता, आणि त्या शांततेत तिला बसल्या जागी झोप लागली. जाग आली तेव्हा तिन्हीसांजच होती. तिला वाटलं पहाट झाली. उजाडेपर्यंत रेडिओवर करकरच येणार, म्हणून तिने तो लावलाही नाही. तोंड धुतलं, देवाला नमस्कार केला, सकाळची गोळी घेतली. त्या दिवशीची गोळी तिने आधीच घेतलेली होती आणि पोटात दुपारपासून काही नव्हतं. म्हात्रेवहिनी डब्यात चकल्या घालून देण्यासाठी आल्या तेव्हा दार उघडं होतं आणि आत्या उंबऱ्यावर बसलेली, घामाने निथळत, भलतंच काहीतरी बोलत. वहिनींच्या घरात मधुमेह आहे म्हणून निभावलं. त्यांनी तिच्या तोंडात साखर कोंबली आणि डॉक्टरांना बोलावलं.

मी पोचलो तेव्हा ती पलंगावर बसून होती आणि जिन्यात भाजणीचा वास भरला होता. तिने मला फक्त एवढंच विचारलं, आता सकाळ की संध्याकाळ. ऊन तिच्या मांडीवर पडलं होतं.

त्या संध्याकाळी मी शोधायला निघालो. आधी घरातला मेन स्विच बंद केला आणि सेलवरचा छोटा ट्रान्झिस्टर लावला. करकर तशीच, म्हणजे दोष घरातल्या कशाचा नव्हता. माझा संशय आधीपासून पुढच्या टॉवरवर होता, आणि खरं सांगायचं तर तो खरा ठरावा अशी माझी फार इच्छा होती. संध्याकाळ झाली की टॉवर पायापासून डोक्यापर्यंत निळसर उजळायचा. आमच्या लोकांच्या जमिनीवर उभा राहून आमच्याच बातम्या खातो, हे वाक्य मी मनात घोळवून ठेवलं होतं. तिथल्या संगमरवरी दालनात एका सूटवाल्या तरुणाने मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, तक्रार टॅबलेटवर नोंदवली आणि खिडकीतून ट्रान्झिस्टर ऐकून पाहण्याची परवानगीही दिली. मी लावला. निवेदक स्वच्छ बोलत होता. टॉवरच्या दिव्यांमध्ये माल चांगला होता. इतका हिरमोड माझा क्वचितच झाला असेल. माझ्या तिरस्काराची सगळी तयारी वाया गेली.

म्हणजे दोष मागच्या, आपल्या इमारतीतच होता. मजल्यामजल्याने ट्रान्झिस्टर कानाला लावून मी वर चढलो. लिफ्ट हलली की एक टक्‌ येई, कुणाच्या तरी चार्जरची बारीक शिट्टी येई, पण ती करकर वर जाईल तशी वाढत गेली. गच्चीचं दार उघडलं तेव्हा रेडिओत दुसरं काही उरलंच नव्हतं. आणि समोर, कठड्याला टेकून, पाठमोरा, इमारतीच्या नावाचा बोर्ड उभा होता.

ह्या बोर्डाबद्दल मला सांगायला हवं. चाळीला मालकाचं नाव होतं आणि तेही कुणी घेत नसे. नव्या इमारतीला सभासदांनी स्वतः नाव दिलं. ते नाव मी सांगत नाही, त्याच्या शेवटी हाइट्स आहे, तेवढं पुरे. वर्गणी काढून पुरुषभर उंचीची निळी अक्षरं करून घेतली आणि नवरात्रात एका पुढाऱ्याच्या हस्ते त्यांचं उद्घाटन केलं. टॉवरच्या मागे झाकली गेलेली इमारत निदान पुलावरून तरी दिसावी, ही त्यामागची इच्छा मला समजते. ती वाईट नाही. पण पाठीमागे वीजपुरवठ्याचे पत्र्याचे डबे जोडले होते, हात लावला तर चटका बसेल इतके तापलेले, कुठल्याही कंपनीचं नाव नसलेले. त्यांची घाण वायरींमधून उतरून घराघरात शिरत होती, आणि सर्वांत आधी गच्चीच्या लगेच खालच्या खोलीत, जिथे आत्या राहते. मी खाली जाऊन वॉचमनला क्षणभर बोर्ड बंद करायला लावला. म्हात्रेवहिनी खिडकीतून ओरडल्या की आला, आवाज आला. चालू केला की गेला.

उपाय साधा होता. डबे बदलायचे, किंवा त्यांच्या आधी एक फिल्टर जोडायचा. लॅमिंग्टन रोडवर मिळतो. खर्च मी करतो म्हटलं. निदान बातम्यांपासून श्रुतिकेपर्यंत बोर्ड बंद ठेवा म्हटलं. सेक्रेटरी पेडणेकर ह्यांनी माझं म्हणणं सभेपुढे ठेवायचं कबूल केलं.

ती सभा तळमजल्यावर पार्किंगमध्ये भरली, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मी सभासद नसल्याने मला बोलू द्यावं की नाही, ह्यावर आधी बराच वेळ गेला. मग समजलं की डब्यांना हात लावला तर वॉरंटी जाईल. मग समजलं की संध्याकाळीच तर लोक बोर्ड बघतात. एकाने बजावलं की आज एकीसाठी बोर्ड बंद केला तर उद्या दुसरा कुणी लिफ्ट बंद करा म्हणेल. दुसऱ्याने आजींना इयरफोन घेऊन द्या असं सुचवलं आणि लोक त्याच्याकडे कौतुकाने बघायला लागले. करकर इयरफोनमध्येही तीच येते, हे मी सांगितलं, ते कुणी ऐकलं नाही. ह्यांतल्या निम्म्यांना आत्याने चाळीत कडेवर घेऊन फिरवलेलं. ती पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसली होती. गोळीचा प्रकार मी सांगायला लागलो, तेव्हा तिने माझ्या मनगटावर हात ठेवून मला थांबवलं. तिला ते त्यांच्यापुढे मांडायचं नव्हतं.

शेवटी पेडणेकर उभे राहिले. "बोर्ड ही आपली ओळख आहे," ते म्हणाले. "त्याच्यावर आपल्या सगळ्यांची नजर असते. तो बंद दिसला तर लोक मला विचारतील."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजही कधी त्या पुलावरून जाताना मला त्या टाळ्या आठवतात. बोर्ड अजून आहे. त्यातली काही अक्षरं कायमची विझली आहेत आणि उरलेल्यांचा काही अर्थ होत नाही. त्याबद्दल कुठली सभा भरल्याचं माझ्या कानावर नाही.

सभेनंतर मी रागाने काही दिवस तिकडे फिरकलोच नाही. आत्याच्या जेवणा-गोळ्यांकडे म्हात्रेवहिनी बघत होत्या. मी दादरला बसून सरकारी खात्यांना पत्रांचे मसुदे लिहीत होतो आणि फाडत होतो. बाहेर फुलबाजारात झेंडूचे ढीग पडले होते, ओल्या कापडाखालून त्यांचा कडवट वास येत होता. दिवाळीला दोनेक दिवस उरले तेव्हा फराळाचा डबा घेऊन लालबागला गेलो. चिवड्याच्या दुकानांपुढे रांगा, गरम तेलाचा आणि कढीपत्त्याचा वास, रस्ताभर कंदील. संध्याकाळ उतरून गेली होती. जिना चढतानाच माझ्या कानावर आलं आणि मी थांबलो. वर कुणीतरी गात होतं. बाईचा आवाज, मागे हार्मोनियम, मधे एकही खडा नाही.

आत्या खिडकीत बसली होती. रेडिओ शेजारी, दिवा लावलेला. तिने मला पावलांवरून ओळखलं आणि बस म्हणून खूण केली. भावगीत संपेपर्यंत मी डबा मांडीवर घेऊन ऐकत बसलो. तिच्या चेहऱ्यावरचा तो ताण गेला होता, अंधारात पायरी चाचपणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तो.

म्हणजे सोसायटीने ऐकलं होतं. मला ओशाळल्यासारखं झालं. माणसांबद्दल मी फार लवकर मत बनवतो, असं बायको म्हणते ते खरं असावं. डबा ठेवला आणि आभार मानायला लगेच खाली गेलो. फाटकाजवळ पेडणेकर कमिटीच्या दोघांबरोबर उभे राहून कंदील टांगून घेत होते. मी म्हणालो, आत्याचा रेडिओ अगदी स्वच्छ लागतोय, तुमचे आभार मानायला आलो.

पेडणेकर क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आभार स्वीकारले.

"करावं लागतं हो," ते म्हणाले. "लाइटवाल्याला बोलावून मी स्वतः उभा राहून ते करून घेतलं. आणि बोर्डाला काही धक्का नाही. बघा, कसा झळकतोय."

त्यांनी हात वर केला. मान वर केली नाही. कमिटीचे दोघेही मान डोलावत होते, कंदिलाकडे बघत. मी वर पाहिलं. कठड्यापाशी अक्षरं नव्हती. नुसतं आकाश होतं आणि त्यात अक्षरांच्या आकाराचा थोडा जास्त काळोख.

मी मागे वळलो. वर गेलो आणि आत्याला विचारलं.

तिने रेडिओ जरासा बारीक केला. सभेच्या दुसऱ्याच दिवशी ती एकटी लिफ्टने खाली उतरली होती. वॉचमनला तिने आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, आणि त्याने तिचा हात धरून त्याच्या खुर्चीमागच्या बटणावर ठेवला. तेव्हापासून रोज बातम्यांच्या आधी ती खाली जाते, भिंतीला हात लावत खुर्चीपर्यंत पोचते, बटण खाली करते आणि वर येते. श्रुतिका संपल्यावर वॉचमन ते पुन्हा वर करतो. कधी विसरतो, मग रात्रभर बंदच राहतं. पहिले काही दिवस तो बिचारा घाबरून होता, कुणी विचारलं तर काय सांगायचं म्हणून. कुणी विचारलं नाही. इतक्या संध्याकाळी गेल्या, पार्किंगमध्ये गाड्या आल्या, माणसं आली गेली, पोरांनी फटाके उडवले, एकानेही विचारलं नाही.

"आता माका स्टूल काढून ठेवता तो," आत्या म्हणाली.

मी तिला खालचं सगळं सांगितलं. पेडणेकरांनी आभार कसे घेतले, वर हात कसा केला, बोर्ड झळकतोय म्हणाले आणि बाकीच्यांनी माना कशा डोलावल्या. सांगताना माझा आवाज चढला असावा. मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता खाली चल, सगळ्यांना बाहेर बोलावतो, दाखवतो त्यांना मान वर करून.

आत्याने आवाजाचं चाक पुन्हा मोठं केलं.

"त्येंका दिसता म्हणतत ना?" ती म्हणाली. "मग दिसांदे." आणि श्रुतिका सुरू झाली होती, म्हणून तिने मला गप्प बसायला सांगितलं.